तैलसंग्राहक मधमाश्या : शरीरलक्षणांवरून ओळख

फुलांतील ग्रंथींमधून पाझरणारे तेल टिपून ते घरट्यात नेणाऱ्या एकाकी मधमाश्यांना तैलसंग्राहक मधमाश्या म्हणतात. मराठीत ‘मधमाशी’ हा एकच शब्द सगळ्यांना लावला जातो, पण या माश्या मध साठवत नाहीत. परागात तेल कालवून पिलांचा खुराक तयार करायचा आणि काहींच्या बाबतीत घरट्याची कोठडी आतून तेलाने सारवून ओल बाहेर ठेवायची, हा त्यांचा उद्योग. काही फुले मकरंदाऐवजी तेल देतात, हे वनस्पतिशास्त्रज्ञ स्टेफान फोगेल यांनी १९६९ मध्ये पुढे आणले. १९७४ मध्ये त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला आणि या माश्यांच्या पायांवरील चमत्कारिक केसांचा उलगडा होऊ लागला.

या माश्या एका घराण्यातल्या नाहीत. एपिडी कुलातील सेंट्रिस, एपिकॅरिस, टेट्रापेडिया आणि पॅराटेट्रापेडिया या प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) अमेरिका खंडांतल्या. त्याच कुलातील टेनोप्लेक्ट्रा आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियात आढळते. मेलिट्टिडी कुलातील मॅक्रोपिस उत्तर गोलार्धात, तर रेडिव्हिव्हा आफ्रिकेच्या दक्षिण भागात सापडते. तेल टिपण्याची साधने वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे घडली आहेत. त्यामुळे ती पाहिली की माशी कोणत्या फुलावर जात असेल याचा अंदाज येतो, प्रजातीही बऱ्याचदा कळते. जात मात्र केवळ त्यांवरून सांगू नये. ओळखताना होणाऱ्या चुका बहुधा इथेच होतात.

आधी माशी नर की मादी ते पाहावे. तेल गोळा करण्याचे काम सामान्यतः मादीचे असते, म्हणून ही साधने तिच्याच अंगावर शोधायची. टेट्रापेडियाचे नर याला अपवाद आहेत. तेही तेल गोळा करतात.

मग भिंगाखाली पुढचे आणि मधले पाऊल धरावे. पावलाचे पहिले कांडे लांब असते आणि खरी खूण तिथेच असते. माधवीलतेच्या माल्पिघिएसी कुलातील अमेरिकी फुलांत निदलांच्या पाठीवर तेलाचे फोड असतात. तेल पातळ पापुद्र्याखाली कोंडलेले असल्याने ते खरवडून काढावे लागते. अशा फुलांवर जाणाऱ्या माश्यांच्या पावलावर चपट्या, ताठ केसांची फणी दिसते. सेंट्रिस आणि एपिकॅरिस यांच्यात ती पुढच्या व मधल्या अशा चारही पायांवर असते, टेट्रापेडिया आणि पॅराटेट्रापेडियात फक्त पुढच्या दोन पायांवर. याउलट लायसिमॅकिया किंवा कॅल्सिओलॅरियासारख्या फुलांत तेल बारीक ग्रंथिल केसांवर उघडेच असते. तिथे खरवडायचे काही नाही, टिपायचे असते. म्हणून फणीऐवजी मऊ केसांची गादी असते. मागच्या पायावरचा कुंचाही पाहण्यासारखा असतो. तळाशी दाट, फांद्या फुटलेले बारीक केस तेल धरून ठेवतात आणि त्यांच्यातून लांब राठ केस वर आलेले असतात.

टेनोप्लेक्ट्राची तऱ्हाच वेगळी. ती तेल पोटाच्या खालच्या बाजूच्या केसांनी टिपते. मागच्या नडगीच्या टोकाशी असलेल्या दोन काट्यांपैकी आतला काटा बुडाशी चांगलाच रुंद असतो आणि त्याच्या कडेला दाट दात असतात. पोटावरचे तेल या कंगव्याने निपटून ती मागच्या पायांवर घेते. तिच्या ग्रीक नावाचा अर्थही ‘कंगव्यासारखा काटा’ असाच आहे. जीभ आखूड असल्यामुळे या प्रजातीला पूर्वी वेगळ्या कुलातही टाकले गेले होते. आतला काटा एकदा पाहिला की दुसऱ्या कशाशी तिची गल्लत होणे कठीण.

रेडिव्हिव्हात मखमली केसांचे पुढचे पाय लक्ष वेधतात. डायासिया फुलांच्या शुंडिकांच्या, म्हणजे फुलामागे निघालेल्या पोकळ नळ्यांच्या, तळाशी असलेल्या तेलापर्यंत ते पोचवावे लागतात. रेडिव्हिव्हा एम्डिओरम या जातीत तर पुढचे पाय शरीराहूनही लांब असतात. पण एकाच जातीत, ठिकाणागणिक तिथल्या फुलांच्या शुंडिका लांब-आखूड असतील तशी पायांची लांबीही बदललेली आढळते. नुसती मोजपट्टी लावून जात ठरवणारा इथे हमखास फसतो.

मॅक्रोपिसमध्ये काम त्या मानाने सोपे. या प्रजातीच्या १६ जाती मानल्या जातात. पुढच्या पंखात उपकडेच्या पेशी (पंखाच्या वरच्या कडेखालचे, शिरांनी वेढलेले कप्पे) दोनच असतात आणि नराच्या चेहऱ्यावर पिवळा ठिपका असतो. युरोपात मॅक्रोपिस युरोपियाच्या मादीच्या मागच्या नडगीवर पांढरे केस आणि खालच्या कांड्यावर काळे, असा ठसठशीत फरक दिसतो; मॅक्रोपिस फल्व्हिपेसमध्ये तिथले केस पिवळसर-तांबूस असतात. मात्र माशी पराग लादून आलेली असेल, तर तेलात भिजलेल्या ओल्या पिवळ्या लगद्याखाली हा रंग दिसत नाही.

खरी डोकेदुखी सेंट्रिसची. रखरखीत प्रदेशातल्या काही जातींनी तेल गोळा करणे सोडले आहे आणि त्यांची फणी खुरटली किंवा नाहीशी झाली आहे. म्हणजे फणी नाही म्हणून ती सेंट्रिस नाही असे म्हणता येत नाही. मागच्या नडगीच्या बुडाशी असलेल्या चकतीवर दुसरी उंच चकती असते. तिचा आकार, जबड्याचे दात, वरच्या ओठावरच्या ढालीवरील नक्षी आणि ठिपके हे सगळे मिळवून पाहावे लागते. जवळच्या जातींचा निवाडा मात्र बऱ्याचदा नराचे जननांग आणि पोटाखालचे झाकलेले खंड उघडून पाहिल्याखेरीज होत नाही. नमुना टाचण्याआधी, तो मऊ असतानाच, ते बाहेर ओढून ठेवलेले बरे.