गोदामातलं शिकणं आणि समुद्री गोगलगाय

परवा ओळखीच्या एका गोदाम-मॅनेजरने नव्या कामगारांच्या ट्रेनिंगच्या स्लाइड्स नजरेखालून घालायला पाठवल्या. तिसऱ्याच स्लाइडवर तो सुप्रसिद्ध पिरॅमिड होता: माणूस वाचलेल्यातलं १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेल्यातलं २० टक्के आणि स्वतः केलेल्यातलं ९० टक्के. आकडे इतके गोळीबंद आहेत की तिथेच शंका यायला हवी. एडगर डेल या शिक्षणतज्ज्ञाने १९४६ मध्ये अशी एक शंकूची आकृती काढली होती खरी, पण तिच्यात टक्केवारी नव्हतीच. ती मागाहून चिकटवली गेली आणि तेव्हापासून सभागृहांतून फिरते आहे. पत्रिकेतल्या गुणांसारखीच ही टक्केवारी: कुणी मोजली ते विचारायचं नाही.

बरं, ती खरी धरली तरी कामाचा प्रश्न उरतोच. लक्षात ठेवतो म्हणजे किती दिवस? आणि इथे तर सगळं ट्रेनिंग एकाच दिवसात, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. स्कॅनर, रॅकचे पत्ते, पॅलेटवर खोकी रचणं, ओझं उचलण्याची पद्धत, आग लागल्यावर बाहेर पडायची वाट. दुसऱ्या दिवशी माणूस थेट कामावर.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विस्मरणाचा वेग मोजला, तोही स्वतःवरच. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करायचा, काही काळाने त्याच पुन्हा पाठ करायचा आणि दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला ते नोंदवायचा. १८८५ मध्ये त्याने आकडे छापले. २० मिनिटांनंतर ५८ टक्के बचत, एका दिवसानंतर ३४ टक्के, ३१ दिवसांनंतर २१ टक्के. म्हणजे घसरण सुरुवातीलाच जोरात होते, मग मंदावते. अर्थपूर्ण गोष्टी एवढ्या झपाट्याने विसरत नाहीत हे खरं. पण ‘सी-१४-०३-२’ हा रॅकचा पत्ता नव्या माणसाला एबिंगहाउसच्या अक्षरांइतकाच निरर्थक असतो.

यावरचा माझा आवडता प्रयोग पोस्टमनांवर झालेला आहे. ब्रिटिश पोस्ट खात्यात पत्रांची छाननी यंत्रांवर न्यायची होती आणि त्यासाठी पोस्टमनांनी कीबोर्डवर पोस्टकोड टंकायला शिकणं भाग होतं. अॅलन बॅडली आणि लाँगमन या मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे चार गट केले. एक गट दिवसातून एकदाच एक तास शिकला. दुसरा एक-एक तास दोनदा, तिसरा सलग दोन तास एकदा आणि चौथा दोन-दोन तास दोनदा, म्हणजे दिवसाला चार तास. १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कीबोर्ड बोटांत बसायला रोज एक तासवाल्यांना साधारण ३५ तास लागले, चार तासवाल्यांना जवळजवळ ५०. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही चार तासवालेच मागे होते.

आता यातली मेख. सर्वांत नाराज कोण, तर रोज एक तासवाले! त्यांना वाटत होतं, आपलं घोडं पुढेच जात नाही. दिवस मोजले तर ते खोटंही नव्हतं. आठवड्याला पाच दिवस धरले तर ३५ तासांना सात आठवडे लागतात आणि ५० तास अडीच आठवड्यांत उरकतात. ट्रेनिंगचा खर्च तासांत होतो, घाई मात्र दिवसांची असते, म्हणून बहुतेक ठिकाणी घाईच जिंकते. वास्तविक रोजच्या उरलेल्या सात तासांत तो माणूस सोपं, शिकून झालेलं काम करू शकतो. त्याला रिकामं कोणी बसवलेलं नाही.

मधल्या खंडाने असं होतं तरी काय? इथे गोदामातून थेट समुद्रात जावं लागेल. अॅप्लिसिया नावाची एक गलेलठ्ठ समुद्री गोगलगाय आहे. तिच्या मज्जासंस्थेत जेमतेम २० हजार पेशी, त्याही मोठ्या, त्यामुळे एकेकीचा माग काढता येतो. तिच्या शेपटीला विजेचा सौम्य झटका दिला की ती बिचकते आणि नंतर नुसता स्पर्श झाला तरी कल्ले जोरात आत ओढून घेते. एका झटक्याची ही धास्ती काही मिनिटं टिकते. असे अनेक झटके चार दिवसांवर विभागून दिले तर ती आठवडेच्या आठवडे टिकते. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेलना २००० सालचं नोबेल ज्या कामासाठी विभागून मिळालं, त्याच्या मुळाशी हीच गोगलगाय आहे.

आता पेशीच्या आत. झटक्यामुळे सेरोटोनिन हे रसायन स्रवतं. त्याने पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि त्यामुळे पीकेए हे विकर जागं होतं. हे विकर संवेदी पेशीच्या टोकाशी असलेले पोटॅशियमचे मार्ग काही काळ बंद करतं, विद्युतस्पंद थोडा लांबतो, पुढच्या पेशीकडे संदेश जोरात जातो. ही झाली अल्पकालीन स्मृती, आहे त्याच सामानाची डागडुजी. पण सेरोटोनिनचे झोत मध्ये विराम घेत पुन्हा पुन्हा आले, तर पीकेए पेशीकेंद्रकात शिरतं. त्याच्या जोडीला एमएपीके हे दुसरं विकर येतं. तिथे क्रेब-१ हे प्रथिन जनुकं चालू करायला टपलेलं असतं आणि क्रेब-२ त्याला दाबून बसलेलं असतं. पहिलं विकर क्रेब-१ ला चालना देतं, दुसरं क्रेब-२ ची पकड सोडवतं. मग जनुकं चालू होतात, नवी प्रथिनं बनतात आणि दोन पेशींमध्ये नवे जोड फुटतात. ही झाली दीर्घकालीन स्मृती, म्हणजे नवं बांधकाम. अवघे दोनच झटके दिले तर दुसरा साधारण ४५ मिनिटांनी आला तरच ती तयार होते असं एका प्रयोगात दिसलं. १५ मिनिटांनी दिला तर लवकर, ६० मिनिटांनी दिला तर उशीर. क्रेब आणि पीकेए विसरलात तरी चालेल, बांधकामाला वेळ लागतो एवढं पुरे. (हे ४५ मिनिटांचं गणित गोगलगायीचं आहे. उद्या कोणी ‘मेंदूविज्ञानावर आधारित ४५ मिनिटांचं मॉड्यूल’ विकायला आलं तर त्याला समुद्राची वाट दाखवा.)

माणसात आणखी एक गोष्ट असते: आठवण्याची खटपट. नवा पिकर, म्हणजे रॅकवरून माल काढणारा कामगार, रॅकसमोर उभा आहे. स्कॅनरच्या पडद्यावर पत्ता आहे. तो वरच्या कप्प्याकडे बघतो, खालच्याकडे बघतो, ओठ हलवत आकडे पुटपुटतो. शेजारचा सुपरवायझर सवयीने बोट दाखवतो, “अरे, तो बघ, तिसरा.” काम झालं, शिकणं बुडालं. त्याने पाच सेकंद कळ काढली असती तर माणसाने ते स्वतः आठवून काढलं असतं. चुकला असता तरी जागेवरचा बारकोड जुळला नसता आणि स्कॅनरनेच बोंब मारली असती. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हे तपासलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते, पण आठवड्याने पारडं फिरलं. तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे निघाले.

स्कॅनर, रॅक, पॅलेट यांची उजळणी काम स्वतःच करून घेतं. काळजी करायची ती जे सहसा घडत नाही त्याची. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळणावर तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. हे रोज दिसतं, म्हणून लक्षात राहतं. पण गाडी आडवी होऊ लागली तर उडी मारायची नाही, सीट बेल्ट लावून आतच बसायचं, घट्ट धरायचं आणि पडणाऱ्या बाजूच्या उलट झुकायचं. अंतःप्रेरणा याच्या नेमकी उलट सांगते आणि उडी मारणारा बहुधा गाडीखालीच सापडतो. अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या नियमांत चालकाची फेरतपासणी किमान तीन वर्षांतून एकदा सांगितली आहे. एबिंगहाउसची यादी एका दिवसात कुठे पोचली होती ते आठवा.

स्लाइड्स परत पाठवताना मी पिरॅमिड काढायला सांगितला आणि दिवसाचे तुकडे पाडून दोन आठवड्यांवर पसरायला सांगितले. आगीची स्लाइड तर दाखवूच नका म्हटलं. दर सोमवारी माणसाला वेगळ्याच रॅकपाशी उभं करा आणि विचारा, इथून बाहेर पडायचा दरवाजा कुठल्या बाजूला?

दुपारी उत्तर आलं: “कल्पना चांगली आहे, पण एका दिवसाचं ट्रेनिंग लोकांना फार आवडतं. फीडबॅक फॉर्मवर भरभरून गुण देतात.”