व्यावसायिक डॉक्टरेट, सामाजिक शास्त्रांतील (खानदेशच्या संदर्भात)

नोकरीत किंवा व्यवसायात मुरलेल्या माणसाने आपल्याच कामात भेटलेला प्रश्न घेऊन, शास्त्रीय पद्धतीने केलेल्या अभ्यासाला मिळणारी डॉक्टरेट. पीएच.डी.चा रोख विषयाच्या ज्ञानात भर घालण्यावर असतो, तर या पदवीत ते ज्ञान कामाच्या ठिकाणी काय बदलू शकते हेही दाखवावे लागते. शिक्षणक्षेत्रातील ‘एड.डी.’ (डॉक्टर ऑफ एज्युकेशन) ही या प्रकारातली सर्वांत परिचित पदवी. ती अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला आली, ब्रिटनमध्ये १९९० नंतर पसरली. पुढे समाजकार्य, प्रशासन आणि एकूण सामाजिक शास्त्रांसाठीही अशा पदव्या निघाल्या. पहिली दोन-तीन वर्षे शिकवले जाणारे अभ्यासघटक आणि त्यानंतर पीएच.डी.पेक्षा आकाराने लहान प्रबंध, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते.

भारतात औषधनिर्माणशास्त्रात २००८ पासून फार्म.डी. आहे, पण सामाजिक शास्त्रांत अशी वेगळी पदवी रुजलेली नाही. तिची जागा अर्धवेळ पीएच.डी.ने घेतली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांप्रमाणे अर्धवेळ संशोधकाला आपल्या कार्यालयाची ‘एनओसी’ (ना हरकत प्रमाणपत्र) जोडावी लागते. नोकरी सांभाळून अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमासाठी, मोकळीक दिली जाईल, असे त्यात लिहून द्यावे लागते. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असते. मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षे. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यापुढे २ वर्षांची सवलत मिळते. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पीएच.डी. करता येत नाही. सवलत आणि शिस्त दोन्ही योग्य आहेत. अडचण वेगळी आहे. वीस वर्षे आश्रमशाळेत शिकवणारा माणूस आणि नुकतेच एम.ए. झालेला विद्यार्थी यांच्या प्रबंधांना एकच मोजपट्टी लावली जाते, त्या वीस वर्षांचा कुठे हिशेब नसतो.

खानदेशात हे सारे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाभोवती फिरते. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार असे तीन जिल्ह्यांचे. जळगावजवळ गिरणेच्या काठी त्याचा परिसर आहे. नंदुरबारच्या सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीकडच्या शिक्षकाला गाईडकडे एक प्रकरण दाखवायचे तर जाण्यायेण्यातच दिवस सरतो. नोंदणी करणाऱ्यांत प्राध्यापक जास्त दिसतात, पण जिल्हा परिषदेचे शिक्षक, अंगणवाडी पर्यवेक्षिका, ग्रामसेवक, वकील, बँक कर्मचारी, संस्थांचे कार्यकर्तेही असतात. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, समाजकार्य, शिक्षणशास्त्र हे विषय, आणि प्रश्न हाताशीच उभे: रावेर-यावलच्या केळी उत्पादकांचे कर्ज, सातपुड्यातले वनहक्क, सरदार सरोवरामुळे विस्थापित झालेल्यांच्या वसाहती, मुलांचे कुपोषण.

विद्यापीठाच्या आधीही इथे संशोधनाची वाट होती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश खंड १८८० मध्ये निघाला. त्यातली माहिती महसूल आणि पोलीस खात्याच्या माणसांनी कामाच्या ओघात जमवलेली होती. तिचे सामर्थ्य आणि तिची अधिकाऱ्याची नजर, दोन्ही तिथे स्पष्ट दिसतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे कोणत्याही विद्यापीठाच्या चौकटीबाहेर राहून गावोगाव दप्तरे शोधत फिरले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच गावात उभे राहिले. अमळनेरला प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर चालले.

नोकरदार संशोधकाची खरी कसोटी क्षेत्रकार्यात लागते. शिक्षकाला मोकळा वेळ मिळतो तो दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या अनेक पाड्यांवरून माणसे, अनेकदा मुलांसह, दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. सुट्टी मिळवून प्रश्नावलीचा गठ्ठा घेऊन संशोधक पोहोचतो तेव्हा दारांना कड्या लागलेल्या असतात, ओट्यावर एखादी म्हातारी नि दोन लहान पोरे. होळीला मात्र माणसे परततात. अक्कलकुवा तालुक्यात काठीच्या राजवाडी होळीला तर सातपुडा लोटतो. त्या वेळी शाळेत परीक्षांची धावपळ सुरू होत असते आणि रजा मिळत नाही. मुलांच्या शाळेतून होणाऱ्या गळतीवर प्रबंध लिहिणाऱ्याने सुट्ट्यांचे हे वेळापत्रकच आधी मांडले, तर गळतीचे निम्मे कारण त्याला पहिल्या पानावरच सापडते.

दुसरी अडचण खुर्चीची. बाहेरचा संशोधक परका असतो. आतला, म्हणजे त्याच खात्यात काम करणारा संशोधक ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ असतो. धुळे-जळगावच्या गावांत नमुन्यात निवडलेल्या घरी पंचवीस प्रश्न विचारून झाले की समोरची बाई हळूच विचारते, “आमनं नाव यादीमा शे का?” (आमचे नाव यादीत आहे का?) तिच्या लेखी हा कागद घरकुलाचा किंवा कुठल्या तरी योजनेचा सर्व्हे असतो, आणि तिची सगळी उत्तरे त्याच समजुतीने दिलेली असतात. अंगणवाडी पर्यवेक्षिकेने “घरपोच आहार पोराला देता ना?” असे विचारले की उत्तर ‘हो’च येते, मग तेच पाकीट गोठ्याच्या दाराशी फोडलेले का दिसेना. बाई खोटे बोलत नसते. समोर जी बसली आहे तिच्या सहीवर उद्याचा आहार अवलंबून आहे, हे तिला ठाऊक असते.

म्हणून अशा अभ्यासात काही पथ्ये पाळावीच लागतात. पर्यवेक्षिकेने आपल्या बीटमध्ये (तिच्याकडे सोपवलेल्या अंगणवाड्यांच्या गटात) मुलाखती न घेता शेजारच्या बीटमध्ये घ्याव्यात. शिक्षकाने स्वतःच्या केंद्राबाहेरच्या शाळा निवडाव्यात. हजेरीपत्रक, वजनाच्या नोंदी, लाभार्थी यादी रोज हाताखालून जाते म्हणून ती परस्पर प्रबंधात उतरवू नये, तिची वेगळी लेखी परवानगी घ्यावी. आपण कोण, कोणत्या खात्यात, हे पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात उघड लिहावे. काही परदेशी व्यावसायिक डॉक्टरेटमध्ये ‘आतला संशोधक’ या भूमिकेचाही अभ्यास असतो. इथल्या कोर्सवर्कमध्ये नमुना निवड आणि संख्याशास्त्र शिकवले जाते, संशोधनाची नीतिमत्ताही असते, पण स्वतःच्या खुर्चीकडे कसे पाहायचे हे बहुतेकांना गावात गेल्यावर, ठेच लागल्यावर कळते.

भाषेचाही प्रश्न आहे. मुलाखत अहिराणीत, पावरीत किंवा भिलीत होते, टिपणे मराठीत, पारिभाषिक शब्द इंग्रजीतून आलेले. पाड्यावरचे ‘पोट भरायला गेलो’ हे प्रबंधात ‘हंगामी स्थलांतर’ होते. पोट, उपास आणि मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) मधल्यामध्ये गळून पडतात. चांगले गाईड मूळ वाक्य मूळ बोलीतच ठेवायला सांगतात आणि खाली मराठी अर्थ द्यायला लावतात. पाने वाढतात, पण माणूस शिल्लक राहतो.

प्रबंध जमा झाल्यावर बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल येतात आणि मग खुली मौखिकी, म्हणजे सर्वांसमोरची तोंडी परीक्षा, होते. तिला सहकारी येतात, घरचे येतात, कधी मुले शाळेच्या गणवेशातच आणलेली असतात. ज्यांच्या मुलाखतींवर प्रबंध उभा आहे त्यांपैकी क्वचितच कोणी त्या खोलीत असते. प्रबंधाची संगणकीय प्रत ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात जाते, छापील प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात. काही संशोधक मात्र निष्कर्षांची चार पाने सोप्या भाषेत लिहून ग्रामसभेत वाचून दाखवतात. तिथे प्रश्न मौखिकीपेक्षा अवघड येतात, आणि त्यांतला पहिला बहुधा यादीतल्या नावाचाच असतो.