प्युरिटन लेखनातील दैवी खुणा आणि शारीरिक व्यंग

सतराव्या शतकात इंग्लंडहून अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर जाऊन वसलेल्या प्युरिटन पंथीयांच्या (चर्च अधिक शुद्ध करू पाहणाऱ्या कडव्या प्रॉटेस्टंट ख्रिश्चनांच्या) रोजनिशा, प्रवचने आणि इतिहासग्रंथ यांत वारंवार आढळणारी विचारपद्धती. वीज पडो, पीक बुडो की मूल व्यंग घेऊन जन्मो, त्यामागे ईश्वराचा हेतू असतोच, अशी त्यांची श्रद्धा होती. तो हेतू कोणता, हे मात्र बहुधा धर्मोपदेशक किंवा सत्ताधारी ठरवत.

ऑक्टोबर १६३७ मध्ये बॉस्टनला मेरी डायर हिला मृत मूल झाले. जॉन कॉटन या धर्मोपदेशकाच्या सल्ल्याने ते गुपचूप पुरले गेले. डायर ही ॲन हचिन्सन या बंडखोर धर्मचिंतक स्त्रीची पाठीराखी. हचिन्सनला १६३८ च्या मार्चमध्ये चर्चमधून बहिष्कृत केल्यावर ही गोष्ट फुटली आणि वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपने अर्भक उकरून काढवले. त्याने केलेल्या वर्णनात शिंगे, खवले आणि नख्या आहेत. मेंदू व कवटीची वाढ न झालेले ते अर्भक असावे, असे आजचे वैद्यक सांगते. विन्थ्रॉपला त्यात पाखंडाची शिक्षा दिसली.

हीच खूण स्वतःच्या अंगी असली की अर्थ सौम्य होई. पुढे बॉस्टनचा नामांकित धर्मोपदेशक झालेला कॉटन मेदर तरुणपणी तोतरा बोले. धर्मोपदेशक होता येणार नाही या भीतीने तो काही काळ वैद्यकाकडे वळला. त्याने प्रार्थना केल्याच, पण सावकाश, शब्द लांबवत बोलण्याचा एका वृद्ध शिक्षकाचा सल्लाही मानला.

मॅसॅच्युसेट्समधील सेलम गावच्या चेटूक खटल्यांत (१६९२) रिबेका नर्स या एकाहत्तर वर्षांच्या वृद्धेला पंचांनी आधी निर्दोष ठरवले होते. आरोप करणाऱ्या मुलींनी आकांत मांडला, तेव्हा न्यायालयाने पंचांना फेरविचाराला धाडले. चेटूक कबूल केलेल्या दुसऱ्या एका कैदी स्त्रीला नर्स ‘आमच्यातली’ म्हणाली होती. त्याचा अर्थ पंचांनी विचारला, पण नर्स गप्प राहिली. गप्प राहणे म्हणजे कबुली, असे धरून तिला दोषी ठरवले गेले. आपल्याला कमी ऐकू येते, शिवाय दुःखाने मन भरून आले होते, आणि ‘आमच्यातली’ म्हणजे फक्त सहकैदी, असा खुलासा तिने नंतर लेखी दिला. १९ जुलैला तिला फाशी झाली. तो खुलासा या खटल्यांचा टीकाकार, बॉस्टनचा व्यापारी रॉबर्ट केलेफने १७०० मध्ये छापला. साऱ्या लेखनात आरोपीचा आवाज असा थेट उमटलेली जागा विरळाच.

याच खटल्यांतील न्यायाधीश जॉन हेथॉर्न याचा वंशज अमेरिकन कादंबरीकार नथॅनिएल हॉथॉर्न. त्याच्या ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) या कादंबरीतील रॉजर चिलिंगवर्थ या पात्राचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उंच आहे, आणि मनातला सूड वाढेल तसे त्याचे रूपही विद्रूप होत जाते.