द्राक्षबियांचं तेल वेगळं, अर्क वेगळा

‘ग्रेप सीड’ लिहिलेल्या दोन बाटल्या शेजारी ठेवा. एकीत तेल असतं, दुसरीत अर्क. तेल बी दाबून काढतात. त्यात ७० टक्क्यांच्या आसपास लिनोलेइक आम्ल हे मेदाम्ल असतं, ते हलकं असतं आणि केसांच्या टोकांना तीन-चार थेंब चोळले की गुंता सहज सुटतो. पण द्राक्षबीचं नाव झालं ते प्रोअँथोसायनिडिन या टॅनिनांमुळे, म्हणजे तुरट द्रव्यांमुळे. ती पाण्यात आणि अल्कोहोलात विरघळतात, त्यामुळे अर्कात येतात, तेलात जवळजवळ उतरतच नाहीत. तेल घेऊन अर्काच्या फायद्यांची वाट पाहू नये.

नाशिकची खायची थॉम्पसन द्राक्षं बिनबियांची. बी मिळते ती वाइनरीच्या चोथ्यातून. पांढऱ्या वाइनसाठी रस आधीच पिळून घेतात, म्हणून त्या बियांत टॅनिन जास्त उरतं. लाल वाइनमध्ये बी रसासोबत आंबते आणि टॅनिनचा काही भाग वाइनमध्ये जातो. चोथा ओला पडून राहिला की बुरशी धरते, तेव्हा बी लगेच वेगळी करून वाळवावी लागते. मग ती भरडून पाणी मिसळलेल्या अल्कोहोलात भिजवतात, गाळतात, कमी दाबाखाली आटवतात. हाती येते तांबूस तपकिरी, तुरट पूड.

ही पूड हट्टी आहे. पाण्यात लोह असेल तर मिश्रण काळपट पडतं, म्हणून बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटरच घ्यावं. अल्कलीत ती झपाट्याने ऑक्सिडाइज होते. साबणाचा पीएच ९ ते १० असल्याने साबणात घालणं म्हणजे वाया घालवणं. प्रथिनांशी ती साका धरते, त्यामुळे केराटिन किंवा जिलेटिनसोबत एकत्र करू नये. कंडिशनरमधल्या धनभारित घटकांशीही तेच होऊ शकतं.

अर्काच्या १०० ग्रॅम जेलसाठी: डिस्टिल्ड वॉटर ९२.८, ग्लिसरीन ५, घट्टपणासाठी झँथन गम ०.५, अर्क ०.५, सोडियम ग्लुकोनेट ०.२, फिनॉक्सीइथेनॉल (प्रिझर्व्हेटिव्ह) १ ग्रॅम. ग्लुकोनेट पाण्यात विरघळवा; ते उरलेसुरले लोह बांधून ठेवतं. निम्म्या ग्लिसरीनमध्ये गम कालवून पाण्यात सोडा, नाहीतर गुठळ्या होतात. उरलेल्या ग्लिसरीनमध्ये अर्काची पेस्ट करून घाला, शेवटी प्रिझर्व्हेटिव्ह. काहीही तापवायची गरज नाही. सायट्रिक आम्लाने पीएच ४.५ ते ५ करा आणि अपारदर्शक पंपाच्या बाटलीत भरा. रंग फिकट तपकिरी येतो, पांढऱ्या कपड्यावर डाग पडतो.

त्वचेत किती शिरतं? साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) मोठे रेणू वरच्या थरातून सहसा पार होत नाहीत. या टॅनिनांचा सुटा घटक कॅटेचिन २९० डाल्टनचं, पण त्याची जोडी ५७८ आणि तिकडी ८६६ डाल्टनची. म्हणजे बरंचसं काम पृष्ठभागावरच चालतं: ऑक्सिडीकरण रोखण्याचं. सनस्क्रीनला हा पर्याय नाही.

केसांबाबत १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी द्राक्षबीच्या प्रोअँथोसायनिडिनने उंदरांच्या केसांची मुळं वाढीच्या अवस्थेत गेल्याचं दाखवलं. पुढे माणसांवर चाचणी झाली ती सफरचंदातल्या प्रोसायनिडिन बी-२ या त्याच जातीच्या टॅनिनची. शाम्पू मिनिटभरात धुतला जातो, त्याच्याकडून केस उगवण्याची आशा नको. डोक्याला लावून ठेवायच्या सीरमला निदान वेळ तरी मिळतो.

स्वस्त पुडीत शेंगदाण्याच्या सालीचा अर्क मिसळल्याचं आढळलेलं आहे. साधी एकूण पॉलीफिनॉलची चाचणी हा फरक ओळखत नाही, म्हणून लेबलवरच्या ‘९५ टक्के’ या आकड्यावर विसंबू नका. विक्रेत्याकडून क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे घटक वेगळे करून ओळखणाऱ्या चाचणीचा, अहवाल मागा. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्यांनी तर अहवालाशिवाय ही पूड घेऊच नये.