कामगार पुनर्वसन साहाय्य (सोलापूर)

उत्पादन परदेशी गेल्यामुळे, आयात मालापुढे टिकाव न लागल्यामुळे किंवा कारखाना कायमचा बंद पडल्यामुळे ज्यांचे काम जाते, अशा कामगारांना सरकारी योजनांतून व कायद्यांतून मिळणारी रोख मदत, भरपाई आणि प्रशिक्षण. सोलापुरात या साहाय्याची गोष्ट कापड गिरण्यांपासून सुरू होते आणि यंत्रमागाच्या शेडपाशी येऊन अडते.

परदेशी स्पर्धेने काम गेलेल्यांसाठी वेगळी योजना असावी, ही कल्पना मुख्यतः अमेरिकेची. तिथे १९६२च्या व्यापार कायद्याने ‘ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स’ ही योजना आणली. अटी इतक्या कडक होत्या की १९६९पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. १९७४च्या कायद्याने त्या सैल केल्या आणि २००२मध्ये उत्पादन परदेशी हलवल्याची कारणेही अधिक व्यापकपणे धरली जाऊ लागली. तीन कामगारांनी मिळून किंवा त्यांच्या युनियनने अर्ज करायचा, नोकऱ्या जाण्यामागे परकी व्यापार आहे का याची कामगार खात्याने चौकशी करायची, आणि दाखला मिळाला की बेकारभत्त्याची मुदत संपल्यावरही भत्ता, प्रशिक्षणाचा खर्च, दुसऱ्या गावी नोकरी लागल्यास बिऱ्हाड हलवण्याचा खर्च मिळायचा. पन्नाशी ओलांडलेल्याला नवी नोकरी कमी पगाराची लागली तर फरकाची निम्मी रक्कम, दोन वर्षांत जास्तीत जास्त १०,००० डॉलर. १ जुलै २०२२पासून नव्या अर्जांना मंजुरी देणे थांबले आहे. युरोपीय संघाचा अशाच कारणासाठीचा निधी २००७पासून चालू आहे.

सोलापूरकराला यातले सर्वांत जवळचे उदाहरण नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कॅनापोलिसचे वाटेल, कारण तेही टॉवेलचेच गाव. तिथली पिलोटेक्स कंपनी ३० जुलै २००३ रोजी बंद झाली आणि त्या एका राज्यात सुमारे ४,८०० जण घरी बसले. त्यांतले पुष्कळजण या योजनेच्या पैशावर स्थानिक कॉलेजात पुन्हा शिकायला गेले. जागतिक कापडव्यापारावरचे कोटे १ जानेवारी २००५ रोजी पूर्णपणे उठायचे होते, त्याच्या दीड वर्ष आधीची ही घटना. भारत, पाकिस्तान, चीन, तुर्कस्तान यांचा टॉवेल ज्या बाजारात विकला जातो त्याच बाजारात कॅनापोलिस हरले. सोलापूरचा टेरी टॉवेलही तिथेच विकायला उभा असतो.

भारतात अशी कारणावर बेतलेली योजना नाही. काम चीनमुळे गेले, इचलकरंजीमुळे गेले की मालकाने नवी यंत्रे घेतली नाहीत म्हणून गेले, हे इथे कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढेच, की हजेरीपटावर नाव होते का आणि किती वर्षे होते. एका अर्थी हे बरे आहे, कारण सोलापूरच्या गिरण्या परदेशी मालाने मारल्या असे म्हणता येत नाही. जुनी यंत्रसामग्री, थकलेली कर्जे आणि देशातलाच स्वस्त यंत्रमाग ही त्यांच्या मरणाची मोठी कारणे.

साहाय्याचा पहिला मोठा प्रयोग मात्र सोलापुरातच झाला, आणि तो भत्त्याचा नव्हता. मुरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे १८७७ साली सुरू झालेली ‘जुनी मिल’, ऑगस्ट १९४९मध्ये बंद पडली. हजारो घरांचा पगार थांबला. केंद्र सरकारने जानेवारी १९५०मध्ये वटहुकूम काढून, पुढे त्याचा कायदा करून, मिलचा कारभार ताब्यात घेतला. भत्ता देण्यापेक्षा मिलच चालवावी, असा हा सरळ हिशेब होता. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. चिरंजितलाल चौधरी खटल्यात डिसेंबर १९५०मध्ये कायदा टिकला; द्वारकादास श्रीनिवास खटल्यात डिसेंबर १९५३मध्ये तो नुकसानभरपाईशिवाय मालमत्ता घेणारा म्हणून अवैध ठरला. घटनेची १९५५ची चौथी दुरुस्ती ज्या निकालांमुळे झाली त्यांत हा एक आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना सोलापूरचे नाव चादरीच्या आधी या खटल्यांमुळे भेटते.

तोच विचार राज्याने १९५८च्या मुंबई साहाय्य उपक्रम कायद्यात पुढे नेला. बेकारी टाळण्यासाठी एखादा कारखाना ‘साहाय्य उपक्रम’ जाहीर करायचा आणि तेवढ्या काळापुरती त्याची देणी स्थगित ठेवायची, अशी सोय त्यात आहे. नरसिंग गिरजी मिल राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाने चालवली. पुढे तीही बंद पडली. लक्ष्मी-विष्णू मिल १९९०च्या दशकात थांबली. गिरणीचा भोंगा ऐकून पाळी गाठणारी पिढी त्यानंतर घरीच राहिली.

खास गिरणी कामगारांसाठीची केंद्राची योजना १५ सप्टेंबर १९८६पासून अमलात आली: वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी. पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५ टक्के, आणि मग बंद. मिल बंद झाली त्या दिवशी तिथे सलग पाच वर्षे नोकरी झालेली असावी आणि वेतन ठरलेल्या मर्यादेच्या आत असावे, अशा अटी होत्या. यापेक्षा अवघड अट मिलसंबंधीची होती. मिल खासगी असली पाहिजे, आणि एकतर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-ओ खाली बंदची रीतसर परवानगी झालेली असली पाहिजे, नाहीतर न्यायालयाने अवसायक (बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी) नेमलेला असला पाहिजे. प्रत्यक्षात मिल अशी बंद होत नाही. आधी एक पाळी कमी होते, मग कापूस येत नाही, मग वीज तोडली जाते, गेटवर ‘पुढील सूचनेपर्यंत’ असा कागद लागतो, आणि २०१६पर्यंत कंपनी आजारी उद्योगांच्या मंडळापुढे वर्षानुवर्षे पडून राहायची. तेवढा काळ कामगार कागदोपत्री नोकरीतच असायचा. बदली कामगारांचे तर आणखी अवघड: गेटवर रोज उभे राहून मिळेल तेव्हा काम करणाऱ्याने सलग पाच वर्षे दाखवायची कशी? १ एप्रिल २०१७ रोजी ही योजना राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाली.

राजीव गांधी योजना कर्मचारी राज्य विमा महामंडळाची (ईएसआय), १ एप्रिल २००५पासूनची. कारखाना बंद किंवा कामगारकपात झाल्यास विमाधारकाला पहिल्या वर्षी वेतनाच्या ५० टक्के व दुसऱ्या वर्षी २५ टक्के भत्ता मिळतो. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८पासून आहे. तिच्यात ९० दिवसांपर्यंत सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळत, ते कोरोनाच्या काळात ५० टक्के झाले. दोन्हींना ईएसआयचा नंबर लागतो. याखेरीज मालकाने द्यायची कपातीची भरपाई, दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन, आणि पाच वर्षे झालेल्याला ग्रॅच्युइटी. मालकच बुडाला असेल तर ही रक्कम अवसायकाकडे मागायची. कामगारांची देणी तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जातात, पण जमीन विकली जाईपर्यंत बरोबरीने थांबावेही लागते. मुंबईच्या गिरणी कामगारांना मिलच्या जमिनीतून घरे मिळण्याची वाट निघाली, ती योजना मुंबईच्या मिलपुरती. सोलापूरच्या मिलकामगाराचा तिच्यात हक्क नाही.

गिरण्यांनंतर शहराचे कापड यंत्रमागावर आले. अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि पूर्व भागातल्या पेठांमधून, बहुतांशी तेलुगूभाषक पद्मशाली घरांतले कारागीर जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादरी आणि टॉवेल विणतात. इथे मजुरी नगावर किंवा मीटरवर आणि हिशेब आठवड्याला. ईएसआय लागू होण्यासाठी साधारण दहा कामगार लागतात. एकाच छपराखालचे माग दोन-तीन नावांनी दाखवले की आकडा त्याखाली राहतो. परदेशी ऑर्डर फिरली की पहिली घट इथे होते. कोणाला कामावरून काढल्याचे पत्र मिळत नाही. चार मागांऐवजी दोनच मिळतात, किंवा ‘सोमवारी बघू’ असे सांगितले जाते. कपात नाही, म्हणून भरपाई नाही. विमा नाही, म्हणून भत्ता नाही. पीएफ लावण्यावरून शहरात कारखानदार आणि युनियन यांच्यात जी भांडणे झाली, ती वरवर महिन्याच्या वर्गणीची दिसतात. खरा प्रश्न नोंदीचा होता.

यंत्रमागासाठी सरकारी पैसा येत नाही असे मुळीच नाही. वीजदरात सवलत आहे, १९९९पासून तंत्रज्ञान सुधारणेसाठी केंद्राची योजना होती, पुढे साध्या मागांच्या सुधारणेला अनुदान मिळाले. हे सगळे मागाला, म्हणजे मागाच्या मालकाला. नवा माग आला की एका कारागिराकडे जास्त माग येतात आणि शेजारचा मोकळा होतो. त्या मोकळ्या झालेल्यासाठी अनुदानाच्या अर्जात रकाना नसतो.

२०२०ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. बंदसाठी सरकारची पूर्वपरवानगी आता ३०० कामगारांपासून लागते, पूर्वी ती १०० पासून लागे. बदल्यात पुनःकौशल्य निधी आला: कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या वेतनाच्या १५ दिवसांइतकी रक्कम भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. पंधरा दिवसांच्या पगारात कोणते नवे कौशल्य येते, हे संहितेत नाही. सोलापुरात तिचा लाभ मिळायचा तर आधी कारागिराच्या हातात कपातीचे पत्र पडावे लागेल.