पत्त्यांचा बंगला आणि ४८ मीटरचं छत

पत्त्यांची दोन पानं एकमेकांना टेकवून जवळजवळ उभी ठेवली तर टिकतात. जरा फाकवली की पाय बाहेर सरकतात आणि पानं आडवी होतात. मध्ययुगीन युरोपातली उंच चर्चं ज्या गॉथिक शैलीत बांधली, तिचं गणित या दोन पानांत आहे.

दगड दाब भरपूर सोसतो, ताण मात्र नाही. म्हणून दगडी छत कमानीवर पेलायचं. पण कमान भार नुसता खाली सोडत नाही, पायाशी बाहेरही ढकलते. अर्धगोल कमान फाकवलेल्या पानांसारखी: रेटा मोठा, आणि उंची रुंदीच्या निम्मीच. टोकदार कमान जास्त उभी, त्यामुळे रेटा कमी, आणि रुंदी तीच ठेवून उंची वाढवता येते. इस्लामी वास्तूंत ती आधीपासून होती. पॅरिसजवळच्या सां-दनीच्या चर्चमध्ये ११४०च्या दशकात तिच्यातून नवी शैली उभी राहिली. ‘गॉथिक’ हे नाव मात्र पुढं इटलीतल्या लोकांनी हिणवून दिलं. रोमन साम्राज्यावर चालून आलेल्या गॉथ टोळ्यांचा या बांधकामाशी काही संबंध नाही.

उरलेला रेटा? पत्ते सरकू नयेत म्हणून आपण बाहेरून बोट लावतो, तसं भिंतीबाहेर अर्ध्या कमानीचे दगडी टेकू लावले: फ्लाइंग बट्रेस. टेकू ज्या खांबात उतरतो त्याच्या डोक्यावरचा नक्षीदार कळस शोभेचा वाटतो, पण त्याचं वजन तिरक्या रेट्याला खाली वळवतं. मला या शैलीतली ही सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. भार असा बाहेर गेल्यावर भिंतीला काम उरलं नाही, तिथं रंगीत काचा आल्या.

आपल्या सीएसएमटीवरही (१८८८) टोकदार कमानी आहेत. पण तोवर लोखंडी तुळया आल्या होत्या. अनेक शैलींतून गॉथिक निवडलं गेलं ते हौसेनं, गरज म्हणून नव्हे.

फ्रान्समधल्या बोव्हेच्या लोकांना मात्र उंचीच हवी होती. त्यांनी आपल्या मोठ्या चर्चचं छत ४८ मीटरवर नेलं, म्हणजे सोळा मजल्यांएवढं. १२८४मध्ये त्याचा काही भाग कोसळला. का, यावर अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत. बांधणाऱ्यांनी खांबांच्या मधोमध नवे खांब घातले आणि छत पुन्हा त्याच उंचीवर चढवलं. १५६९मध्ये वर १५३ मीटरचा मनोरा केला, तो चार वर्षांत पडला. पुढचं लांब दालन कधी झालंच नाही. आज आत गेलात तर दगडी खांबांना टेकून लाकडाचे अजस्र धिरे उभे दिसतात.