मॅप हातात आला, पण मोजणार कशाने?

लॅपटॉप जोडून इंजिनचा मॅप, म्हणजे कोणत्या वेगाला किती पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी केव्हा टाकायची याचा तक्ता, बदलायची सोय नवी असली, तरी मॅप ही गोष्ट जुनीच. कार्ब्युरेटरच्या काळात तो पेट्रोल सोडणाऱ्या पितळी जेटच्या भोकांत आणि ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांत, स्प्रिंगांत दडलेला असे. पेट्रोल कमी पडतंय वाटलं तर मोठ्या भोकाचा जेट, टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लवकर पुढे सरकायला हवं तर हलकी स्प्रिंग. मात्र तेवढा ३,५०० आरपीएमचा अडखळा काढायचा म्हटलं की पंचाईत. एक जेट बदलला की आजूबाजूचा सगळा पट्टाच हलायचा.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बाजारात आणायचा पहिला प्रयत्न अमेरिकेतल्या बेंडिक्सचा. त्यांचं ‘इलेक्ट्रोजेक्टर’ १९५८ साली क्रायस्लरच्या मोजक्या गाड्यांत आलं आणि इतकं त्रासदायक ठरलं, की त्यातल्या बहुतेक गाड्यांना नंतर कार्ब्युरेटर लावावे लागले. कल्पना बरोबर होती, सुटे भाग तयार नव्हते. बेंडिक्सच्या पेटंटांच्या आधारे बॉशने १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक आणलं, ते फोक्सवॅगनच्या १६०० मध्ये. ‘डी’ म्हणजे जर्मन ‘ड्रुक’, म्हणजे दाब. मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला, दाब आणि इंजिनचा वेग पाहून पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, हे ते ठरवी. आजचे कितीतरी आफ्टरमार्केट ईसीयू, म्हणजे बाजारात वेगळे मिळणारे इंजिनचे संगणक, याच तत्त्वावर चालतात. या सगळ्याला रेटा मिळाला तो वेगाच्या हौसेपेक्षा अमेरिकेतल्या धुराच्या नियमांमुळे, हे ट्यूनिंगवाले सोयीस्करपणे विसरतात.

१९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये बॉशचं मोट्रॉनिक आलं. इंधन आणि ठिणगी, दोन्हींचा हिशेब एकाच डिजिटल डब्यात. मॅप आता चिपमधले आकडे झाला, पण तो डबा बंद होता. मग ट्यूनर चिपच्या मागे लागले. या ईप्रॉम चिपच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असे. तिच्यावर अतिनील दिवा धरायचा, जुने आकडे पुसले जाईपर्यंत थांबायचं, नवे ‘बर्न’ करायचे, चिप परत सॉकेटमध्ये दाबायची आणि चक्कर मारून यायचं. एक आकडा चुकला, की पुन्हा पहिल्यापासून.

कंटाळवाणं काम होतं ते. चालू इंजिनवर आकडे बदलू देणारे स्वतंत्र ईसीयू म्हणूनच लोकांनी उचलून धरले. यात ऑस्ट्रेलिया पुढे होतं: हॅलटेक १९८६ मध्ये सुरू झाली, मोटेक १९८७ मध्ये.

आता बदलणं सोपं झालं. बदल बरोबर की चूक, हे कळणार कसं? व्होल्वोने १९७६ पासून धुरातला ऑक्सिजन पाहणारा लॅम्डा सेन्सर बसवायला सुरुवात केली होती, पण साधा सेन्सर फक्त हवा-पेट्रोलच्या १४.७ ला १ या प्रमाणाच्या अलीकडे की पलीकडे एवढंच नीट सांगतो. पूर्ण थ्रॉटलला इंजिनला हवं असतं साधारण १२.५ ते १३. तिथे हा सेन्सर ‘रिच’, म्हणजे पेट्रोल जास्त, म्हणून मोकळा होतो. किती रिच, ते सांगत नाही. म्हणून स्पार्क प्लग वाचायचे. पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवायची, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करायचं, प्लग खोलून चिनी मातीचा रंग पाहायचा. काजळी म्हणजे रिच, फिकट तपकिरी म्हणजे ठीक, पांढराफटक म्हणजे लीन, पेट्रोल कमी. त्यावर बारीक चंदेरी कण दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम. उशीर झालेला असायचा.

किती रिच, किती लीन हे आकड्यात सांगणारा वाइडबँड सेन्सर सर्वसाधारण ट्यूनरच्या खिशाला परवडायला लागला तो एकविसावं शतक उजाडल्यावर. माझ्या मते खरा फरक यानेच पडला, महागड्या डब्यांनी नव्हे. त्याच सुमारास, २००१ मध्ये, ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो यांनी मेगास्क्वर्ट आणलं: ईसीयूचं स्वतः सोल्डर करायचं किट, ८ बाय ८ चा तक्ता. सुरुवातीला ते फक्त इंधन सांभाळी. ठिणगी जुन्या डिस्ट्रिब्युटरकडेच.

आणि ठिणगीचं कोडं आजही तसं अर्धंच सुटलंय. मिश्रणासाठी वाइडबँड आहे, पण टायमिंग नेमकं किती अंशांवर हवं, हे सरळ सांगणारा स्वस्त सेन्सर नाही. इंजिनचा जोर मोजणाऱ्या डायनोवर एकेक अंश पुढे सरकवायचा, टॉर्क वाढायचा थांबला की थांबायचं आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारी ठोकठोक, होत नाही ना, याकडे कान ठेवायचा.